आयुष्याची दोरी कोणाच्या हातीं ?

'शतायुषी हो' असा आशीर्वाद देतांना वडील माणसें दोन गोष्टी गृहीत धरतात. आयुष्य लांबणें हें इष्टच आहे, ही एक. आणि तें लांबविणें मनुष्याच्या हातीं नाहीं, ही दुसरी. गेल्या सव्वाशें वर्षांत दुसरी समजूत डळमळूं लागली, आणि ती डळमळतांच पहिलीविषयींही शंका उत्पन्न झाली. या शंकेचा इतिहास शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांत आणि न्यायालयांच्या निकालपत्रांत पहावयास मिळतोच. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो एका अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे व्हिडिओ गेमच्या कथानकांतही, उमटलेला दिसतो. जपानांत रचली गेलेली 'मेटल गिअर' ही कथामाला या दृष्टीनें विशेष लक्ष देण्याजोगी आहे.

व्हिडिओ गेम म्हणजे मुलांचा वेळ घालविण्याचा खेळ, एवढीच ज्यांची कल्पना असेल त्यांना हें विधान चमत्कारिक वाटेल. ती कल्पना सर्वस्वीं निराधारही नव्हे. या खेळांतील नायकांना बहुधा वय नसतें. मारिओ नांवाचा लोकप्रिय नायक १९८१ सालीं प्रथम अवतरला. पुढें चाळीस वर्षें उलटून गेलीं, तरी त्याच्या मिशीचा एक केस पांढरा झाला नाहीं. मृत्यूचीही तीच कथा. नायक खड्ड्यांत पडला किंवा गोळी लागून मेला, तर खेळाडू कळ दाबतो आणि मेलेला नायक पुन्हां उभा राहतो. जेथें मरण इतकें स्वस्त आहे तेथें वार्धक्याला स्थान कोठून असणार ? 'मेटल गिअर'च्या कर्त्यानें नेमका हाच संकेत मोडला.

या कर्त्याचें नांव हिदेओ कोजिमा. त्याचा जन्म १९६३ सालचा. 'कोनामी' या जपानी कंपनींत असतांना त्यानें १९८७ मध्यें या मालेंतील पहिला खेळ रचिला. कथानक साधें होतें. सॉलिड स्नेक नांवाचा एक सैनिक शत्रूच्या तळांत एकटाच चोरपावलांनीं शिरतो आणि अण्वस्त्रें डागणारें, पायांनीं चालणारें एक प्रचंड यंत्र नष्ट करतो. त्याला या कामगिरीवर धाडणारा सेनानी बिग बॉस हाच शत्रूचा प्रमुख असल्याचें शेवटीं उघडकीस येतें. १९९० मध्यें दुसरा खेळ निघाला, १९९८ मध्यें 'मेटल गिअर सॉलिड' हा निघाला, आणि पुढें २००१, २००४ व २००८ या सालीं त्याचे तीन मुख्य उत्तरभाग प्रसिद्ध झाले. पहिला खेळ बाराव्या वर्षीं खेळलेला मुलगा २००८ सालीं तेहतीस वर्षांचा झाला होता. खेळाडूबरोबर नायकालाही म्हातारा करण्याचें धाडस कोजिमानें केलें; मात्र सरळ हिशेबानें नव्हे.

१२ जून २००८ रोजीं प्रसिद्ध झालेल्या खेळाची कथा २०१४ सालांत घडते. पडद्यावर दिसतो तो पांढऱ्या केसांचा, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा, खोकल्यानें बेजार झालेला एक म्हातारा. हाच सॉलिड स्नेक. कथेच्या हिशेबानें त्याचें वय अवघें बेचाळीस आहे. दिसतो मात्र सत्तरीचा. अंगांतील विशेष पोषाख त्याच्या थकलेल्या स्नायूंना आधार देतो. कथेच्या अखेरीस एका जळत्या बोळांतून तो अक्षरशः सरपटत पुढें जातो, आणि त्याला एकेक पाऊल सरकविण्यासाठीं खेळाडूला एकच कळ पुनःपुन्हां, बोटें दुखेपर्यंत दाबावी लागते. वार्धक्याचें वर्णन ग्रंथांत वाचणें निराळें आणि त्याचा शीण स्वतःच्या बोटांत अनुभवणें निराळें.

या अकालीं आलेल्या जरेचें बीज १९९८ सालच्या कथेंत पेरलेलें होतें. स्नेक हा सामान्य रीतीनें जन्मलेला मनुष्य नसून, बिग बॉसच्या पेशीपासून १९७२ सालीं एका गुप्त सरकारी योजनेनुसार निर्माण केलेला 'क्लोन' होता. लिक्विड आणि सॉलिडस हे त्याचे दोघे भाऊही असेच जन्मले. पराक्रमी सैनिक एकच. त्याच्या प्रतिकृति काढून सैन्य उभारावें, असा या योजनेचा हेतु. निर्माण केलेला योद्धा दुसऱ्याच्या हातीं पडून उपयोगीं येऊं नये म्हणून त्याचें आयुष्य जन्मतःच आंखूड करून ठेवण्यांत आलें होतें आणि त्याला संतति होणार नाहीं अशीही व्यवस्था केलेली होती.

ही कल्पना हवेंतून आलेली नव्हती. तिच्यामागें जीवशास्त्रांतील एक दीर्घ वाद उभा आहे. अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक तुकडा कांचपात्रांत जिवंत ठेवला. त्या तुकड्याच्या पेशी वर्षामागून वर्षें वाढत राहिल्या. १९४४ सालीं कॅरेल मरण पावला, तरी त्या १९४६ पर्यंत जिवंत ठेवण्यांत आल्या होत्या. यावरून पेशी मूलतः अमर आहे, मृत्यु हा केवळ देहाच्या रचनेचा दोष आहे, असा समज दृढ झाला. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनीं १९६१ सालीं फिलाडेल्फियांत तो खोटा पाडला. मनुष्याच्या सामान्य पेशी सुमारें पन्नास वेळां विभागतात आणि मग थांबतात, असें त्यांना आढळलें. कॅरेलच्या पात्रांत पोषक द्रवाबरोबर ताज्या पेशी मिसळल्या जात असाव्यात, असा तर्क पुढें मांडला गेला. पेशीला ही मोजदाद कशी ठेवतां येते, याचा उलगडा गुणसूत्रांच्या टोकांवरील 'टेलोमिअर' नांवाच्या भागांत सांपडला. प्रत्येक विभाजनागणिक हीं टोकें झिजतात. या संशोधनाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक झोस्टाक यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां प्रश्न असा, कीं प्रौढ प्राण्याच्या झिजलेल्या पेशीपासून नवा प्राणी निर्माण केला, तर त्याचें वय किती मानावें ? स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेंत ५ जुलै १९९६ रोजीं डॉली ही मेंढी सहा वर्षांच्या मेंढीच्या पेशीपासून जन्मास आली. फेब्रुवारी १९९७ मध्यें ही वार्ता जगाला कळली, आणि पुढच्याच वर्षीं क्लोन नायकाची कथा सांगणारा कोजिमाचा खेळ बाजारांत आला. १९९९ सालीं डॉलीचे टेलोमिअर तिच्या वयाच्या मानानें आंखूड असल्याचें प्रसिद्ध झालें. तिला संधिवात जडला. फुप्फुसांत गांठ झाल्यामुळें १४ फेब्रुवारी २००३ रोजीं तिला मरण देण्यांत आलें. मेंढ्या याच्या जवळजवळ दुप्पट जगतात. साहजिकच, उसन्या पेशीचें वय उसन्या देहालाही भोंवतें, असा लोकांनीं अर्थ काढला.

काळानें तो अर्थ खरा ठरविला नाहीं. डॉलीची गांठ एका विषाणूमुळें झालेली होती, आणि तो विषाणु तेथील इतर मेंढ्यांनाही झालेला होता. २०१६ सालीं नॉटिंगहॅम विद्यापीठांतील केव्हिन सिंक्लेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेरा क्लोन मेंढ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं चार डॉलीच्याच पेशींपासून जन्मलेल्या, म्हणजे एका परीनें तिच्या जुळ्या बहिणी होत्या. सात ते नऊ वर्षांच्या त्या मेंढ्या आपल्या वयाला साजेशा आणि धडधाकट होत्या. म्हणून कोजिमाची कथा जुनी ठरली काय ? तसें म्हणतां येत नाहीं. कारण स्नेकच्या कथेंत दोष क्लोनच्या कृतीचा नाहीं, ती करणाऱ्यांच्या हेतूचा आहे. निसर्गही कांहीं माणसांना असें अकालीं वार्धक्य देतो. ऑटो वेर्नर या जर्मन वैद्यानें १९०४ सालीं वर्णिलेल्या रोगांत तरुणपणींच केस पिकतात, डोळ्यांत मोतीबिंदु होतो. जपानांत हा रोग इतर देशांपेक्षां अधिक आढळतो. परंतु तेथें दोष द्यावयास कोणी नसतें. स्नेकच्या बाबतींत मात्र कोणीतरी टेबलाशीं बसून त्याच्या आयुष्याची दोरी मोजून कापलेली असते.

आयुष्य तोडण्याची ही बाजू झाली. त्याच मालेंत आयुष्य लांबविण्याचीही बाजू आहे, आणि ती कमी विदारक नाहीं. त्यांतील पहिलें पात्र मात्र काहींसें विनोदी आहे. २००४ सालच्या खेळांत, १९६४ सालच्या कथेंत, खांद्यावर पोपट घेऊन हिंडणारा एक अतिवृद्ध नेमबाज येतो. वनस्पतींप्रमाणें सूर्यप्रकाशावर शक्ति मिळवून आणि दिवसच्या दिवस झोंपेंत काढून त्यानें आपलें उरलेंसुरलें आयुष्य एका अखेरच्या झुंजीसाठीं राखून ठेवलेलें असतें. त्याच्याशीं अरण्यांत तासन् तास लढतां येतें. परंतु खेळाडूनें झुंज मध्येंच थांबवून ठेवली आणि आठवड्याहून अधिक काळ यंत्र उघडलेंच नाहीं, तर परत येतांच कळतें कीं म्हातारा वार्धक्यानें मरण पावला. ज्या झुंजीसाठीं त्यानें इतके दिवस सांठविले ती झालीच नाहीं. दारांतून निघून गेलेल्या पाहुण्याची वाट पाहतां पाहतां मिटलेल्या डोळ्यांचें हें चित्र, खेळाच्या घड्याळाला घरच्या घड्याळाशीं जोडून कोजिमानें रेखाटलें आहे.

दुसरें पात्र नाओमी हंटर ही शास्त्रज्ञ स्त्री. तिला कर्करोग झालेला असून, रक्तांत सोडलेल्या सूक्ष्म यंत्रांनीं तो थोपवून धरलेला असतो. कार्य उरकतांच ती यंत्रें ती स्वतःच्या हातानें बंद करते आणि मरते. तिसरें पात्र स्वतः बिग बॉस. मृत समजला गेलेला हा सेनानी अखेरीस पुन्हां उभा राहतो, तो आपल्या मेलेल्या मुलांच्या, म्हणजे लिक्विड व सॉलिडस या क्लोनांच्या, अवयवांनीं सांधलेला देह घेऊन. पुराणांशीं परिचय असलेल्या श्रोत्यास येथें ययातीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. शुक्राचार्यांच्या शापानें जराग्रस्त झालेल्या ययातीनें मुलांजवळ तारुण्य मागितलें; थोरल्यांनीं नाकारलें, धाकट्या पुरूनें दिलें. दोन्ही कथांत बाप मुलाच्या देहावर जगतो. फरक इतकाच, कीं पुरूला निदान विचारलें तरी होतें.

दुसऱ्याच्या देहांतून आयुष्य उसनें घेण्याचे प्रयत्न प्रत्यक्ष इतिहासांतही झाले आहेत. शार्ल ब्राउन-सेकार या विख्यात शरीरशास्त्रज्ञानें १८८९ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोंचून घेतला आणि आपली शक्ति परत आल्याचें पॅरिसच्या विद्वत्सभेंत जाहीर केलें. पांच वर्षांनीं तो वारला. सर्ज व्होरोनॉफ यानें १९२० पासून पॅरिसमध्यें वानरांच्या ग्रंथींचे तुकडे धनिक वृद्धांच्या देहांत बसविले. कीर्ति आणि पैसा दोन्ही मिळालीं, तारुण्य कोणालाही मिळालें नाहीं. रशियांतील अलेक्झांडर बोग्दानोव्ह याची कथा तर कादंबरींतून जीवनांत उतरलेली आहे. १९०८ च्या आपल्या कादंबरींत त्यानें मंगळावरील लोक परस्परांशीं रक्ताची देवघेव करून दीर्घायु होतात असें कल्पिलें. १९२६ सालीं त्यानें मॉस्कोंत रक्तसंक्रमणाची संस्था काढली आणि तरुणांशीं स्वतःच्या रक्ताची अदलाबदल केली. १९२८ सालीं मलेरिया व क्षय झालेल्या एका विद्यार्थ्याशीं केलेली देवघेव त्याच्या जिवावर बेतली. विद्यार्थी मात्र वांचला. या तिघांच्या खटपटींतून शास्त्राला पुढें उपयोगी पडलेल्या कांहीं वाटा निघाल्या, हें खरें. परंतु वृद्ध घेणारा आणि तरुण किंवा मुका प्राणी देणारा, ही योजना तिन्ही ठिकाणीं सारखीच आहे.

कोजिमाच्या कथेंतील शेवटचें दीर्घायु पात्र झीरो हें होय. तरुणपणीं बिग बॉसचा मित्र आणि वरिष्ठ असलेल्या या मनुष्यानें जगाचा कारभार पडद्यामागून चालविणारी एक गुप्त संघटना स्थापिली. क्लोनांची योजना त्याचीच. पुढें कोणाही मनुष्यावर विश्वास न राहिल्यामुळें त्यानें ती संघटना विचार करणाऱ्या यंत्रांच्या स्वाधीन केली. २०१४ सालीं तो शंभरी ओलांडलेला आहे. चाकांच्या खुर्चींत पडून असतो. बोलत नाहीं, ओळखत नाहीं. प्राणवायूची नळी श्वास चालू ठेवते, म्हणून जिवंत. त्याच्या नांवानें चाललेल्या युद्धांची त्याला वार्ताही नाहीं. जगाच्या आयुष्याची दोरी ओढूं पाहणारा हा मनुष्य स्वतः एका नळीच्या आधारावर लोंबकळत राहिलेला असतो.

हें दृश्य आतां केवळ कल्पनेंतलें राहिलेलें नाहीं. १९५२ सालीं कोपनहेगनमध्यें पोलिओची भयंकर सांथ आली, तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें रोग्यांच्या गळ्यांत नळी घालून पिशवीनें हवा भरण्याची युक्ति योजिली. सुमारें १,५०० विद्यार्थ्यांनीं आळीपाळीनें, रात्रंदिवस त्या पिशव्या हातांनीं दाबल्या आणि अनेक मुलांचे प्राण वांचविले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तो. पुढें हातांची जागा यंत्रानें घेतली. हात थकतो, यंत्र थकत नाहीं. म्हणून तें थांबवावयाचें कोणीं आणि केव्हां, हा पूर्वीच्या वैद्यांना कधीं न पडलेला प्रश्न घरोघरच्या माणसांपुढें उभा राहिला.

भारतांत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला तो मुंबईहून. के. ई. एम. रुग्णालयांतील एक परिचारिका १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर भान हरपून पडून होती. तिला अन्न देणें थांबवावें, असा अर्ज तिच्यासाठीं करण्यांत आला. रुग्णालयांतील परिचारिकांनीं त्यास विरोध केला. त्यांनीं पिढ्यांमागून पिढ्या तिची शुश्रूषा केली होती आणि पुढेंही करण्याची त्यांची तयारी होती. ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें तो अर्ज नाकारला. परंतु त्याच निकालांत, विशिष्ट अटी पाळून कृत्रिम उपचार थांबवितां येतील, असेंही ठरविलें. ती परिचारिका २०१५ सालीं निधन पावली. ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें सन्मानानें मरण्याचा हक्क मान्य केला, आणि शुद्धींत असतांनाच मनुष्यानें आपली इच्छा लिहून ठेवण्यास मुभा दिली. २०२३ सालीं त्याची पद्धत अधिक सुलभ करण्यांत आली. या साऱ्या वादाचें मर्म आयुष्य किती, हें नव्हतें. निर्णय कोणाचा, हें होतें. परिचारिकांच्या हातांतील दोरी मायेची होती, आणि तरीही ती धरणाराचीच होती. निजलेल्या व्यक्तीला काय हवें होतें हें कळण्याचा मार्ग कोणाहीपाशीं उरला नव्हता.

कथेचा शेवट एका स्मशानभूमींत होतो. देहांतील एका मारक विषाणूमुळें आपण इतरांच्या जिवाला धोका ठरणार, हें कळल्यानें स्नेक तेथें आत्मघात करण्यास आलेला असतो. परंतु त्याच्या हातून तें होत नाहीं. तेवढ्यांत बिग बॉस येतो, झीरोची खुर्ची ढकलीत. जुन्या मित्राच्या श्वासाचें यंत्र तो स्वतःच्या हातानें बंद करतो आणि मग स्नेकच्या सान्निध्यांत स्वतःही मरतो. जपानी आवृत्तींत स्नेकला आवाज दिला आहे अकिओ ओत्सुका या नटानें, आणि बिग बॉसला त्याचे वडील चिकाओ ओत्सुका यांनीं. तेव्हां चिकाओंचें वय ऐंशीच्या घरांत होतें. २०१५ सालीं ते वारले. म्हणून या प्रवेशांत ऐकूं येणारा थकवा सगळाच नाटकी नाहीं. एक खरा म्हातारा बाप आपल्या खऱ्या मुलाशीं बोलत असतो.

बाप मुलाला सांगतो, कीं त्या विषाणूचें भय आतां उरलेलें नाहीं. युद्धासाठीं घडविलेलें हत्यार म्हणून नव्हे, तर माणूस म्हणून उरलेले दिवस जग. दिवस थोडेच आहेत. या भेटीनें स्नेकचें आयुष्य एका घटकेनेंही वाढत नाहीं. पिकलेले केस काळे होत नाहींत, खोकला थांबत नाहीं. ज्यांनीं त्याची दोरी कापली ते मेले, आणि ज्यांनीं आपली लांबविली तेही मेले. उरलेला तुकडा आंखूड असतो. पण तो प्रथमच त्याच्या स्वतःच्या हातीं असतो, आणि तो घेऊन हा म्हातारा मित्राबरोबर घरीं जातो.